मॉडेल रेल्वे लेआउटवरच्या इमारती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रूळ टाकून झाले, गाडी न घसरता फिरायला लागली की पुढचा प्रश्न येतोच, आता आजूबाजूला घरं, गोदामं, स्टेशन कसं उभं करायचं. तेच तेच प्रश्न सतत येतात म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. मापं बहुतेक एचओ या स्केलची (मॉडेल खऱ्याच्या ८७ पट लहान) आहेत कारण मी त्यातच काम करतो, एन या त्याहून छोट्या स्केलवाल्यांनी निम्म्याहून थोडं जास्त धरलं तरी अंदाज येईल.

माझ्या स्केलमध्ये दार किती उंच, मजला किती उंच?

एचओ म्हणजे १:८७, त्यामुळे खरा १ मीटर तिथे ११.५ मिमी होतो. २ मीटरचं दार २३ मिमी, ३ मीटरचा मजला साधारण ३४ ते ३५ मिमी, उभा माणूस २० मिमीच्या आसपास. एन म्हणजे १:१६०, तिथे तेच दार १२.५ मिमी आणि मजला १९ मिमीला थोडा कमी. ब्रिटिश ओओ १:७६ आहे पण रूळ एचओचेच, १६.५ मिमी गेजचे (दोन रुळांमधलं अंतर), म्हणून बरेच जण ओओची घरं एचओच्या लेआउटवर बिनधास्त ठेवतात. मागच्या बाजूला चालून जातं. पण एचओच्या माणसाशेजारी ओओचं दार ठेवलं की काहीतरी खटकतं, नेमकं काय ते पटकन कळत नाही पण खटकतं. मापाच्या बाबतीत एकच सवय लावून घ्या, एक माणसाचा पुतळा कायम टेबलावर ठेवायचा आणि प्रत्येक दार, कठडा, पायरी त्याच्याशेजारी धरून बघायची. कॅल्क्युलेटरपेक्षा चुका तोच आधी दाखवतो.

किट घेऊ की सगळं हातानं बनवू?

पहिली दोन-तीन किटच घ्या. आणि मग ती सूचनापत्रकाप्रमाणे जोडू नका! म्हणजे पहिलं जोडा, दुसऱ्यापासून तोडफोड सुरू करा. दोन सारखी किट घेऊन चार भिंती एका ओळीत लावल्या की लांब गोदाम होतं, मजला कापून वर चढवला की उंच इमारत होते, छप्पर बदललं की ओळखूच येत नाही. याला किटबॅशिंग म्हणतात. यातून शिकायला भरपूर मिळतं आणि खिडक्या-दारं आयती मिळतात, सगळ्यात कंटाळवाणं काम तेच असतं. शिवाय फॉलर किंवा वॉल्थर्स अशा कंपनीचं एखादं लोकप्रिय किट जसंच्या तसं ठेवलं तर बघणारा पहिल्या सेकंदात ओळखतो की अरे हे तर ते. नुसता रंग बदलला तरी निम्मं काम होतं.

आधी पुठ्ठ्याचा डमी बनवा असं सगळे सांगतात, खरंच गरज आहे का?

आहे. मी स्वतः तीन आठवडे खपून एक पिठाची गिरणी बनवली, लेआउटवर ठेवली आणि लक्षात आलं की मागचा रुळांचा सांधा (गाडी रूळ बदलते ती जागा) आता पुढून दिसतच नाही आणि डबा घसरला तर हातही पोचत नाही. गिरणी अजून कपाटात आहे. पुठ्ठ्याचा डमी करायला अर्धा तास लागतो, चार भिंती, वर छप्पर, पेनानं खिडक्या काढायच्या, जागेवर ठेवायचं आणि आठवडाभर तसंच राहू द्यायचं. येता-जाता बघायचं, गाड्या फिरवायच्या, फोटो काढायचे. उंची जास्त वाटतेय, तोंड चुकीच्या बाजूला आहे, शेजारचं झाकलं जातंय, हे सगळं आपोआप कळतं. बहुतेक वेळा इमारत लहान करावी लागते, मोठी करावी लागली असं क्वचितच झालंय.

कुठलं मटेरियल चांगलं?

माझं मत स्टायरीन शीट, म्हणजे प्लॅस्टिकचा पातळ पत्रा. १ मिमी भिंतीला, ०.५ मिमी पट्ट्या-चौकटींना. स्वच्छ कापलं जातं, सॉल्व्हंटनं वितळून जोडलं जातं, दमट हवेचा त्रास नाही. लाकडी घर किंवा शेड असेल तर बासवुड हे लाकूड, त्याचे रेषे बारीक असतात. बाल्सा हे हलकं लाकूड वापरू नका, रेषे एवढे जाड की एचओमध्ये फळीवर नांगर फिरवल्यासारखं दिसतं. पुठ्ठा स्वस्त आणि छापील टेक्स्चर लावलं तर सुंदर दिसतो, फक्त कापलेल्या कडा पांढऱ्या राहतात, त्या त्याच रंगाच्या मार्करनं किंवा वॉटरकलरनं रंगवल्याच पाहिजेत. पुठ्ठ्याचं घर ‘पुठ्ठ्याचं’ दिसतं ते नव्वद टक्के या कडांमुळे. प्लास्टर दगडी भिंतीला भारी, पण जड आणि कोपरे उडतात.

स्टायरीन कापताना ब्लेड सरकतं, कड वाकडी येते.

आरपार कापायला जाऊ नका. स्टीलची पट्टी घट्ट धरून दोन-तीन वेळा हलक्या हातानं रेघ मारायची आणि मग रेघेवर वाकवायचं, कट्‌कन सरळ तुटतं. कडेला उभा राहिलेला बारीक काठ पॉलिश पेपरनं काढायचा. ब्लेड बोथट झालं की लगेच बदला. बोट कापतं ते बहुतेक बोथट ब्लेडनंच, कारण जोर लावावा लागतो.

चार भिंती जोडल्या की घर तिरकं होतं, काटकोनच येत नाही.

छोटा गुण्या घ्या आणि एका वेळी चारही भिंती जोडायचा मोह टाळा. आधी दोन भिंतींचा एक एल, मग दुसरा एल, दोन्ही पूर्ण सुकू द्या, मग ते दोन एकमेकांना जोडा. आतल्या कोपऱ्यात चौकोनी पट्टी चिकटवली की कोपरा मजबूत होतो आणि काटकोनही धरून ठेवतो. जोडायच्या आधी समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर ठेवून उंची सारखी आहे का बघा, अर्धा मिलीमीटरचा फरक छप्पर बसवताना असा दिसतो की झाकता झाकत नाही.

भिंत दोन महिन्यांनी धनुष्यासारखी वाकली, का?

तीन कारणं असतात. एक, आतून आधार नाही, मोठ्या भिंतीला आतून आडव्या-उभ्या पट्ट्या लागतातच. दोन, लाकूड किंवा पुठ्ठा फक्त बाहेरून रंगवला, त्यामुळे एक बाजू ओल शोषते आणि दुसरी नाही. दोन्ही बाजूंनी रंगवा. तिसरं लवकर लक्षात येत नाही, स्टायरीनच्या दोन शीट एकमेकांवर सॉल्व्हंटनं चिकटवल्या आणि मध्ये वाफ कोंडली तर ती महिनोन्‌महिने प्लॅस्टिक मऊ करत राहते. आतल्या शीटला आधीच चार-पाच भोकं पाडून ठेवायची, वाफ निघून जाते.

कुठे कुठला गोंद?

स्टायरीनला पातळ लिक्विड सॉल्व्हंट. दोन भाग आधी एकत्र धरायचे आणि फटीला ब्रश टेकवायचा, थेंब आपोआप आत खेचला जातो. खिडकी उघडी ठेवा, वास डोक्यात जातो. लाकूड-पुठ्ठ्याला साधा पांढरा गोंद, म्हणजे पीव्हीए. धातू, रेझिन किंवा दोन वेगळ्या मटेरियलला सुपरग्लू. आणि काचेला म्हणजे खिडकीच्या पारदर्शक प्लॅस्टिकला सुपरग्लू अजिबात नाही, त्याच्या वाफेनं काच पांढरी धुरकट होते. माझ्या पहिल्या स्टेशनच्या सगळ्या खिडक्या अशाच गेल्या, शेवटी धुळकट काचा आहेत असं लोकांना सांगत राहिलो. काचेला पीव्हीएच लावा, सुकला की दिसत नाही.

सगळं बरोबर करूनही खिडक्या खेळण्यासारख्या का दिसतात?

भिंत पातळ आहे म्हणून. खऱ्या विटेच्या भिंतीची जाडी साधारण २३० मिमी असते, एचओमध्ये ती २.६ मिमी व्हायला हवी आणि आपण वापरतो १ मिमी शीट. त्यामुळे खिडकी भिंतीच्या पृष्ठभागावर चिकटवल्यासारखी दिसते, सावली पडत नाही. उपाय सोपा आहे, खिडकीच्या भोकाच्या मागच्या बाजूनं चारी कडांना पट्ट्या लावून जाडी वाढवायची आणि चौकट आत सरकवायची. बाहेरून खिडकीखालच्या उंबरठ्याची एक पट्टी किंचित पुढे काढायची. एवढ्यानं खिडकीत जी सावली येते ती कुठल्याही रंगानं येत नाही. खिडक्या रंगवायच्या त्या भिंतीत बसवण्याआधी, किटच्या प्लॅस्टिकच्या सांगाड्यावर असतानाच, नंतर बारीक ब्रश घेऊन डोळे फोडण्यात अर्थ नाही. आणि सगळ्या खिडक्या सारख्या नकोत, एकीचा पडदा अर्धा, एकीला फळ्या ठोकलेल्या, एक उघडी.

विटांच्या दरजा कशा भरायच्या?

आधी भिंतीला विटेचा मॅट रंग देऊन पूर्ण सुकू द्या, एक दिवस तरी. मग फिकट करडा ॲक्रिलिक रंग पाण्यात भरपूर पातळ करून पूर्ण भिंतीवर पसरवा, तो दरजांमध्ये उतरतो, आणि मिनिटभरात जरासा ओला कपडा बोटाला घट्ट गुंडाळून वरचा रंग पुसून घ्या, पुसताना तिरकं पुसायचं, दरजेच्या दिशेनं पुसलं तर आतलाही रंग निघून येतो. पांढराशुभ्र वापरू नका, भिंत चौकटीची वही दिसते. नंतर इकडेतिकडे एकेक वीट वेगळ्या छटेनं रंगवा, शंभरात पाच-सहा पुरे. एचओमध्ये वीट जेमतेम २.६ मिमी लांब असते, त्यामुळे ब्रशचं टोक टेकवलं की झालं.

इमारत एकदम नवी आणि प्लॅस्टिकची वाटते. जुनी कशी करायची?

पहिलं काम चमक मारणं. मॅट क्लिअर स्प्रे, पातळ, दोन हात. पावसाळी दमट हवेत मारू नका, पांढरा थर बसतो.

मग काळ्या इंडिया इंकचं पाणी. अर्धा लिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये एक छोटा चमचा शाई, एवढं फिकट की बाटलीत बघून वाटतं याचं काय होणार. ब्रशनं मारलं की खाचांमध्ये, फळ्यांच्या फटीत काळोख उतरतो. पण सावध, ॲक्रिलिक रंग ताजा असेल तर अल्कोहोल तो उचलतं, आणि काही मॅट स्प्रेवर अल्कोहोल पडलं की पांढरट बुरशीसारखं उमटतं. घाबरू नका, वरून परत मॅट स्प्रे मारला की जातं. काही जण तर उन्हानं विटलेल्या लाकडासाठी मुद्दाम तसंच करतात. भीती वाटत असेल तर पाण्यात शाई आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब.

त्यानंतर ड्राय ब्रश, ब्रश जवळजवळ कोरडा होईपर्यंत कागदावर पुसायचा आणि उंच कडांवरून फिरवायचा. शेवटी खडूची पूड. पेस्टल खडू पॉलिश पेपरवर घासा, काळा, तपकिरी, गंजासारखा केशरी.

पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मळ कुठे लावायचा. आधी विचार करा पाणी कुठून वाहतं. खिडकीच्या उंबरठ्याच्या दोन्ही टोकांखाली ओघळ, पन्हळ फुटलीय तिथे हिरवट शेवाळं, जमिनीपासून हातभर चिखलाचे शिंतोडे, धुराड्याभोवती काजळी, गोदामाच्या दाराच्या कोपऱ्याला माल घासून उडालेला रंग. सगळीकडे सारखा मळ लावला की इमारत जुनी दिसत नाही, फक्त घाण दिसते. अमेरिकेतल्या जॉन ॲलनचा गोरी अँड डिफीटेड (Gorre & Daphetid) हा लेआउट गाजला त्यातलं एक कारण हेच, इमारती, गाड्या सगळं वापरलेलं दिसायचं, त्या काळात बहुतेकांच्या गाड्या चकाचक असायच्या. १९७३ मध्ये तो वारला आणि काही दिवसांतच लेआउटही आगीत गेला, पण त्याचे फोटो अजून बघण्यासारखे आहेत.

छपरावर एवढं लक्ष का द्यायचं?

कारण आपण लेआउट वरून बघतो. खऱ्या आयुष्यात माणूस भिंत बघतो, छप्पर क्वचित. लेआउटवर उलटं, तुमची नजर हेलिकॉप्टरमधून असते, आणि लोक मात्र पंधरा दिवस समोरच्या दारावर घालवून छपराला एक काळा हात मारतात. काळा तर वापरूच नका, उन्हातलं डांबरी छप्पर गडद करडं असतं.

सपाट छपरासाठी टिश्यू पेपरच्या पट्ट्या कापा, एचओमध्ये १० ते ११ मिमी रुंद, म्हणजे साधारण एक मीटरचा डांबरी कागद झाला. पातळ पीव्हीएवर एकमेकींवर थोड्या चढवत लावा, सुरुवात खालच्या कडेपासून, नाहीतर पाणी आत जाईल. हो मॉडेलमध्ये पाणी नसतं, पण बघणाऱ्याला कळतं. मास्किंग टेपनंही होतं पण काही वर्षांनी ती सुकून सुटते. पन्हळी पत्र्याला अॅल्युमिनियम फॉइल खाचांच्या शीटवर दाबून उठवायची आणि एकेक पत्रा वेगळा कापून लावायचा. एकाच मोठ्या तुकड्याचं छप्पर आणि एकेका पत्र्याचं छप्पर यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो, एखादा पत्रा नवा चकचकीत, एखादा गंजलेला, एकाची कड उचललेली. वर धुराडं, हवा जायची पाइप, चढायची झडप, विसरलेली बादली, ठिगळ लावलेली जागा. आणि पक्ष्यांची पांढरी शिट, आढ्यावर. दोन ठिपके, जास्त नाही.

इमारत जमिनीवर तरंगल्यासारखी दिसते.

ती जमिनीवर ठेवलेली असते म्हणून! खरं घर जमिनीतून वर आलेलं असतं. जोतं वेगळं बनवा, ते लेआउटमध्ये २-३ मिमी खोल पुरा, आजूबाजूची माती त्याच्यापर्यंत आणा आणि इमारत त्यावर नुसती ठेवा, चिकटवू नका. दुरुस्तीला, लाइटचं काम निघालं तर उचलता येते. उरलेली फट कडेनं गवत, झुडूप, दोन पेट्या ठेवून झाका. फटीतून आतला लाइट बाहेर सांडत असेल तर जोत्यावर आतल्या बाजूला उभी पट्टी लावा.

लाइट लावला तर भिंतीच चमकायला लागल्या.

प्लॅस्टिकमधून उजेड आरपार येतो. आतून आधी काळा रंग, त्यावर पांढरा. कोपऱ्यांच्या फटी आतून बंद करा. एलईडी वॉर्म व्हाइटच घ्या, २७०० ते ३००० केल्विन, थंड पांढरा लावला की घराचं ऑपरेशन थिएटर होतं. १२ व्होल्टच्या सप्लायवर एका एलईडीला १ किलोओम रेझिस्टर लावला की साधारण ९ मिलिअँपिअर जातात, आणि खरं सांगायचं तर खोलीसाठी तेवढाही उजेड जास्त होतो, मी ४.७ किलोओम लावतो. रेझिस्टरशिवाय ‘बघूया काय होतं’ असं करू नका, एक क्षण लख्ख उजेड आणि मग काहीच नाही. रुळांमधून करंट घेऊ नका, वेगळा अडॅप्टर ठेवा. आत पुठ्ठ्याच्या खोल्या करा म्हणजे एक खोली उजेडात, शेजारची अंधारात असं करता येतं.

आत फर्निचर करायचं का?

पुढून फूटभर अंतरावर असेल आणि खिडकी मोठी असेल तरच. एरवी आतल्या भिंतीवर खोलीचा फोटो चिकटवला तरी भागतं. आरपार मागची खिडकी दिसू नये एवढं बघा, मध्ये काळा पुठ्ठा उभा करा.

खरा कारखाना १०० मीटर लांब आहे, माझ्याकडे जागा ४० सेंटीमीटर.

१०० मीटर म्हणजे एचओमध्ये ११५ सेंटीमीटर, कुणाकडेच नसते तेवढी. दारं-खिडक्यांचं माप बदलायचं नाही, त्यांची संख्या कमी करायची. बारा कमानी असतील तर पाच ठेवा. मात्र कारखान्याचा ओळखायचा भाग असतो, धुराडं, कोपऱ्यावरचा मनोरा, माल चढवायचा कन्व्हेयर, त्याला हात लावायचा नाही. मालडबा उभा राहायची जागा तरी किमान दोन डब्यांची हवी, नाहीतर एवढा कारखाना एका डब्यावर कसा चालतो हा प्रश्न पडतो.

दुसरा मार्ग म्हणजे नुसता पुढचा दर्शनी भाग, २-३ सेंटीमीटर खोलीचा, मागच्या पडद्याला टेकवून. कडेनं बघितलं की फसवणूक उघडी पडते म्हणून बाजूला झाड किंवा दुसरी उंच इमारत लावा. आरसाही वापरतात, जॉन ॲलननंही वापरले होते, पण आरशात पाट्या उलट्या दिसतात आणि तुमचं तोंडही, तेव्हा कड पुलाखाली किंवा कमानीमागे लपवा.

माझ्याकडे फक्त एक फोटो आहे, मापं कशी काढू?

विटा मोजा. वीट अधिक दरज मिळून एक थर साधारण ७५ मिमी धरला तर ४० थर म्हणजे ३ मीटर. विटा नसतील तर दार २ मीटरचं धरून बाकीचं त्याच्या पटीत. फोटो तिरका असेल तर लांबी खोटी दिसते, तिथे खिडक्यांची संख्या मोजा, अंदाज लागतो.

नवीन स्टेशन बसवलं आणि डबे प्लॅटफॉर्मला घासायला लागले.

वळणावर ना? लांब डब्याचं पोट वळणाच्या आतल्या बाजूला येतं आणि टोकं बाहेर जातात. तुमच्याकडचा सगळ्यात लांब डबा आणि सगळ्यात रुंद इंजिन हातानं हळू ढकलत न्या, डब्याच्या बाजूला पेन्सिल चिकटवली की रेघच मिळते. सरळ रुळांसाठी एनएमआरए या अमेरिकी मॉडेल रेल्वे संघटनेचं गेज (माप तपासायची पट्टी) किंवा युरोपातल्या एनईएम या मानकांची मापं आहेत, वळणावर मात्र डबा फिरवून बघणंच खरं. हे प्लॅटफॉर्म चिकटवायच्या आधी करायचं असतं हे मलाही नंतरच कळलं.

थ्रीडी प्रिंटरनं सगळंच छापलं तर?

छापा की. खिडक्या, पंखे, पायऱ्या, पाइप यासाठी रेझिन प्रिंटर अप्रतिम. मोठ्या सपाट भिंती मात्र शीटच्याच बऱ्या पडतात, रेझिनच्या पातळ भिंती वाकतात आणि फिलामेंटच्या (प्लॅस्टिकची तार वितळवून काढलेल्या) प्रिंटवर थरांच्या रेघा दिसतात. कच्च्या रेझिनला हात लावताना ग्लोव्ह्ज घाला, त्वचेला त्रास होतो.

भिंतीवर रंगवलेली जुनी जाहिरात कशी करायची?

साध्या कागदावर प्रिंट काढा आणि मागून बारीक पॉलिश पेपरनं घासत राहा, हळू, कागद जवळजवळ पारदर्शक होऊन फाटायच्या बेतात येईपर्यंत. इंकजेटची प्रिंट असेल तर आधी वरून मॅट स्प्रे मारा नाहीतर शाई पसरते. मग पाणी घातलेला पीव्हीए भिंतीला लावून कागद बसवा आणि ओला असतानाच कडक ब्रशच्या टोकानं ठोकत विटांच्या दरजांमध्ये दाबा. सुकल्यावर अक्षरांमधून विटा दिसतात. दोन-चार ठिकाणी टाचणीनं खरवडा, पोपडे आल्यासारखं वाटतं. माझे पहिले तीन कागद फाटले होते, म्हणून पाच-सहा प्रिंट काढूनच बसा.

किती डिटेल पुरे?

समोर हातभर अंतरावर असेल तर कडी-कोयंड्यापर्यंत जा. दोन हात मागे असेल तर रंग, सावली आणि छप्पर, बाकी दिसत नाही. डिटेल टाकताना स्वतःला विचारा की इथे काम काय चालतं, माल कुठून येतो, कुठून जातो, कचरा कुठे टाकतात. गोदामाच्या मागच्या दाराशी मोडके पॅलेट असतात, पुढच्या ऑफिसच्या दाराशी नसतात. दुकानातून आणलेले वीस पिंप सगळीकडे एकेक ठेवण्यापेक्षा एका कोपऱ्यात सात ठेवा, एक आडवं पडलेलं.

धूळ कशी काढायची?

मऊ मेकअप ब्रश आणि दुसऱ्या हातात व्हॅक्युमचा पाइप, तोंडाला पातळ कापड बांधलेलं, म्हणजे सुटलेली शिडी किंवा कबुतर पोटात जात नाही, कापडावर अडकतं.